कब्जा

मंगलीचं उजवं अंग लकव्याने गेलं, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज व्यायाम झाला तर हात परत येईल, नाही झाला तर विसरा. सालेकसा तालुक्यातल्या जंगलकाठच्या त्या गावाहून रोज गोंदियाला येणं कोणाच्यानेच होणार नव्हतं. म्हणून तिच्या सुनेने, प्रियाने, नवऱ्याच्या मागे लागून दवाखान्याजवळ घर शोधायला लावलं. नीलेश गोंदियातच एका राइस मिलमध्ये हमाली करायचा आणि मिलच्या आवारातच झोपायचा. मंगली त्याची आई, आणि प्रियाच्या बापाची सख्खी बहीण. सासू झाल्यावरही प्रियाने तिला आत्या म्हणणं सोडलं नव्हतं.

घर मिळालं दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. संडासाची जमीन एका बाजूने खचली होती, भांडं कललं होतं आणि भगदाडावर कोणीतरी एक फळी टाकून ठेवली होती. घरमालक हिरालालचं बाजारात किराण्याचं दुकान. माणूस तोंडाचा गोड.

"टेन्शन नका घेऊ जी," तो म्हणाला. "तुम्ही सामान घेऊन या. मिस्त्री उद्याच पाठवतो. घरात बीमार माणूस आहे, मले समजत नाही का?"

मिस्त्री काही आला नाही. आधी तो लग्नाला गेला होता, मग रेती मिळत नव्हती, मग धानकापणी लागली आणि शहरात मजूरच उरला नाही. नीलेशने फोन केला की हिरालाल आधी मंगलीच्या तब्येतीची चौकशी करायचा, अगदी मनापासून, आणि मग नवीन कारण सांगायचा. फोन ठेवल्यावर नीलेशलाच वाटायचं, आपण उगाच त्रास देऊन राहिलो याला.

इकडे हात खरंच जागा व्हायला लागला होता. दवाखान्यात व्यायाम करून घेणारी हर्षा नावाची पोरगी मंगलीच्या मुठीत रबरी चेंडू द्यायची. एका सकाळी अंगठा हलला. मंगली अर्ध्याच तोंडाने हसली, पण हसली.

त्याच आठवड्यात प्रिया तिला संडासात नेत असताना फळी सटकली. मंगलीचा जड पाय मांडीपर्यंत भगदाडात गेला. प्रियाने काखेत हात घालून तिला वर ओढलं, धुतलं, पुसलं, लुगडं बदललं. त्या दिवसापासून मंगलीने पाणी पिणं सोडलं.

प्रियाच्या ते लवकर लक्षात आलं नाही. पेला तोंडाशी नेला की म्हातारी ओठ ओले करायची आणि मान फिरवायची. ओठांना चिरा पडल्या, बोलणं जडावलं. एक दिवस व्यायाम करता करताच तिची मान कलंडली. सलाईन लावताना डॉक्टर प्रियावर ओरडले, "घरी पाणी देत नाही का हो यांना?" सगळा वॉर्ड बघत होता. प्रियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काऊन पीत नाही वं आत्या?" बाकी लोक पांगल्यावर तिने विचारलं.

"प्यालं का संडासात जावं लागते," मंगली म्हणाली. "तू एकटी. मी धानाच्या बोऱ्यासारखी जड. दोघी जाऊ त्याच्यात एखाद दिवशी."

मग मात्र नीलेशने हिरालालची वाट पाहिली नाही. त्याने स्वतःच मिस्त्री आणला. मिस्त्रीने फळी काढली, खचलेली जमीन फोडली, कललेलं भांडं उपटून बाहेर ठेवलं. नवीन भांडं अंगणात भिंतीला टेकून होतं, सिमेंट कालवायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात फाटक ढकलून एक माणूस आत आला आणि मोबाइलवर फोटो काढायला लागला.

"किसने बोला खोदने को?"

"तुम्ही कोन जी?" प्रियाने विचारलं.

"मी चंद्रकुमार. हिरालालचा मोठा भाऊ. या घरावर कोर्टाचा स्टे आहे. एक ईंट इकडची तिकडे झाली तं पोलीस आनतो. तुमच्यावर नाही, या मिस्त्रीवर."

मिस्त्रीने थापी धुतली आणि पिशवीत टाकली. नीलेश त्याच्या मागे फाटकापर्यंत गेला, हात जोडले. "भाऊ, माझ्या घरी लेकरं आहेत," मिस्त्री म्हणाला आणि सायकलवर बसला. चंद्रकुमारने अंगणातला खड्डा पाहिला, खाटेवरच्या मंगलीला पाहिलं. मग तो निघून गेला. आता घरात कललेला संडाससुद्धा उरला नव्हता.

प्रिया तशीच बाजारात गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी ती थांबली नाही.

"तुम्हाले माहीत होतं. मंग घर कायले देलं आम्हाले?"

हिरालालने गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. तिला बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही. तो खाली बघून गल्ल्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

"घर खाली राहिलं असतं तं त्याने ताला ठोकला असता," तो शेवटी म्हणाला. "कोनी राहत असलं तं कब्जा माझा. वकिलानेच सांगतलं होतं, भाडेकरू ठेवा. दुरुस्ती मी केली तं तो कोर्टात जाते, त्याने केली तं मी जातो. बाबा गेल्यापासून असंच चालून राहिलं. मी काय करू, तुम्हीच सांगा."

"माझ्या आत्याने पानी सोडलं," प्रिया म्हणाली.

"हे खूप वाईट झालं," हिरालाल म्हणाला. त्याचा आवाज खरंच ओला झाला होता. तेच प्रियाला सहन झालं नाही. तो खोटं बोलला असता तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्यांनी दुसरं घर शोधलं. कुठे भाडं झेपणारं नव्हतं, कुठे जात विचारली, कुठे अंथरुणावरची म्हातारी आहे कळताच खोली परवाच दिली असं ऐकायला मिळालं. शेजारच्या अनुसयाबाईंनी काही दिवस आपला संडास वापरू दिला. मग त्यांच्या सुनेने कुलूप लावायला सुरुवात केली. अनुसयाबाई समोर दिसल्या की नजर चुकवायच्या.

शेवटी मंगलीच म्हणाली, "तुझ्या मामाजीले बलाव. मी घरी जातो."

मामाजी म्हणजे मंगलीचा नवरा दसरू. तो आला, त्याने बायकोला पाठीवर घेतलं आणि स्टेशनपर्यंत तशीच नेली, कारण रिक्षात तिचा तोल जात होता. प्रियाने चेंडू तिच्या पिशवीत टाकला. नीलेश मिलमध्ये पाळीवर होता. त्याला सुट्टी मिळाली नाही.

प्रियालाही जायचं होतं, पण मंगलीच्या औषधाला गावात पैसा कुठून येणार? तिने त्याच मिलमध्ये तांदूळ पाखडायचं काम धरलं. मिलमध्ये बायकांसाठी संडास होता. ती सकाळी लवकर जायची. घरी ती दोघं फक्त झोपायला यायची.

सुट्टी मिळाली तशी ती दोन दिवस गावी गेली. तेवढे दिवस नीलेश मिलमध्येच झोपणार होता. मंगली ओसरीत बसली होती, तोंडावर थोडं तेज होतं, पाणी पोटभर पीत होती. पण उजवी मूठ घट्ट मिटलेली. प्रियाने एकेक बोट उघडायचा प्रयत्न केला. मधलं बोट उघडताना म्हातारी कळवळली, तशी तिने सोडून दिलं. परसात दसरूने तिच्या संडासासाठी बांबूचा आडोसा करून बसायच्या जागी भोक पाडलेली खुर्ची ठेवली होती.

"हात येते का वं आता?" दसरूने प्रियाला बाजूला घेऊन विचारलं.

"येते ना मामाजी," प्रिया म्हणाली.

परतीच्या गाडीची वाट बघत ती सालेकसा स्टेशनवर बसली होती, तेव्हा फोन वाजला. हिरालाल होता. त्याने आधी मंगलीची तब्येत विचारली.

"बरं, तुम्ही घर तं सोडून नाही राहिले ना?" मग तो म्हणाला. "नाही, शेजारी सांगत होते, दोन दिवस अंधारच आहे. गावाले गेले तरी बाहेरचा बल्ब चालू ठेवत जा जी. माणसं आहेत असं दिसलं पाहिजे."

गाडी फलाटाला लागत होती. प्रियाने हो म्हटलं आणि फोन ठेवला.