सहीच्या बदल्यात सही

"वडिलांची संमती कुठंय, मॅडम?"

पुण्याच्या व्हिसा केंद्रात काचेपलीकडच्या मुलीनं कागद पुढं-मागं चाळून विचारलं, तेव्हा समीक्षाला आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं सगळं आणलं होतं. मिरजेच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात ती नर्स होती. ड्युट्या सांभाळून जर्मन शिकली, परीक्षा पास झाली, आणि जर्मनीतल्या एका हॉस्पिटलानं तिला नेमणुकीचं पत्र पाठवलं. पदवीची भाषांतरं, विमा, राहायच्या जागेचा पुरावा, लेकीचा जन्मदाखला, सगळं एका फायलीत ओळीनं लावलेलं. लेक अपेक्षा, दुसरीत शिकणारी, शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

"कशाची संमती?"

"मुलगी अज्ञान आहे ना. एकच पालक नेत असेल तर दुसऱ्याची नोटरी केलेली संमती लागते. सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत."

"पासपोर्टाला माझं एकटीचं प्रतिज्ञापत्र चाललं."

"पासपोर्टाचं वेगळं, मॅडम. हा व्हिसा आहे."

"तिला बाप नाही असं समजा."

"मग मृत्यूचा दाखला लागेल."

"मेलेला नाही तो."

"मग घटस्फोट? मुलीचा ताबा तुमच्याकडं दिल्याचा कोर्टाचा आदेश?"

"तेही नाही."

काचेपलीकडची मुलगी वाईट नव्हती. तिनं आवाज खाली आणला. "तुमचा अर्ज आज घेते. मुलीचा नाही घेता येणार."

मिरजेला परतताना एसटीत समीक्षाच्या कानशिलात घण पडत होते. लेकीला ताप आला की रजा कुणी काढली, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर कोण उभं राहिलं, हे त्या फायलीत कुणी विचारत नव्हतं. आणि ज्यानं चार वर्षांत साधा फोन केला नाही, त्याच्या सहीवाचून पोरीला हलता येत नव्हतं.

वकिलानं सांगितलं, अर्ज करू, पण ताब्याचा आदेश यायला वर्षही जाईल, सांगता येत नाही. हॉस्पिटल तेवढं थांबणार नव्हतं. नोकरी लावून देणाऱ्या संस्थेतल्या बाईनं सुचवलं, "तुम्ही पुढं जा, मुलीला आईकडं ठेवा, नंतर बोलवा."

"नंतर बोलवायलाही त्याचीच सही लागंल ना?"

"हो, ते आहेच."

मग राहिला एकच मार्ग. बिरदेवला फोन.

बिरदेव तिचा नवरा. इस्लामपूरजवळच्या कुरणवाडीत त्याचं घर, बागायत जमीन आणि रिकामा वेळ. चार वर्षांमागं त्यानं तिला घराबाहेर काढलं, त्या सकाळचा विषय समीक्षा कधी कुणापाशी काढत नसे. तो शिव्या देईल, फोन आपटेल, अशी तयारी करूनच तिनं नंबर लावला. पण त्याचा आवाज साखरेत घोळलेला.

"अगं, सहीचं काय एवढं? लेक माझीच हाय की. आयतवारी ये घरी. अपेक्षाला पण आण."

तो गोडवा ऐकून ती जास्तच घाबरली.

आयतवारी अपेक्षाला आपल्या आईपाशी, बनुबाईपाशी ठेवून ती एकटीच गेली. ओसरीवर बिरदेवसोबत अर्जुना आबा बसले होते. आबा म्हणजे त्या भागातल्या पार्टीचे जुने पुढारी. कुणाला तिकीट द्यायचं, कुणाचं कापायचं, हे त्यांच्या हातात. बिरदेव स्वतः उठून चहा घेऊन आला. लग्न झाल्यापासून त्यानं पहिल्यांदाच तिच्या हातात कप दिला.

आबांनीच विषय काढला. "शिष्टर, पंचायत समितीचा आपला गण ह्या टायमाला महिलेसाठी सुटला. बिरदेव दोन वर्सं झाली तयारी करतोय. आता त्याला उभं ऱ्हाता येत न्हाई."

"मग?"

"तुमी ऱ्हावा."

समीक्षाला कळेना, हसावं की उठावं.

"तुमचं नाव अजून हितल्याच मतदार यादीत हाय," आबा म्हणाले. "आन करोनात तुमी घरोघर फिरलाय. गावं तुमचं नाव काढत्यात. दुसरी बाई दिली तर पडंल, तुमी ऱ्हायला तर जागा हसत निघंल."

"मी जर्मनीला चाललेय, आबा."

"जा की," बिरदेव म्हणाला. "निवडून आलीस की खुशाल जा. मिटिंगांचं मी बघतो. बाकीच्यांचं नवरंच बघत्यात. तू अर्जावर सही कर, मी तुझ्या कागदावर करतो."

"आधी तुमची सही."

"तसं न्हाई. माघारीची मुदत संपली की करतो. तू अर्ज काढून घेतलास मंजी?"

त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. समीक्षानं कप खाली ठेवला. ती उठली. काही बोलली असती तर ओरडलीच असती, म्हणून तडक फाट्यापर्यंत चालत आली. उन्हात उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि ती स्वतःशीच शिव्या देत होती. त्याला, आबांना, त्या काचेला, आणि चार वर्षं घटस्फोटाचा दावा लावायला चालढकल करणाऱ्या स्वतःलाही.

घरी बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हातारीचा जीव नातीत अडकलेला, पण ती व्यवहाराचं बोलली.

"कर जा सही. पडलीस तर पडलीस, आलीस तर आलीस. पोरगी तरी तुझ्यासंगं येईल."

"आये, ज्यानं मला हाकललं, त्याच्या नावानं मतं मागू?"

"मग लेकीला ठिऊन जा."

तो शब्द तिला ऐकवला नाही. दोन दिवस ती धुमसत ड्युटीला गेली, आणि तिसऱ्या दिवशी बिरदेवला कळवलं, येते.

कुरणवाडीच्या बिरोबाच्या देवळापुढं उमेदवारी जाहीर करायला मंडप घातला होता. माइक, खुर्च्या, बायकांना वेगळी सतरंजी. समीक्षा 'होय' म्हणायलाच आली होती. अपेक्षाचा हात धरून ती पहिल्या रांगेत बसली, गळ्यात हार पडला, तोही तिनं सोसला. मग बिरदेवनं माइक घेतला.

"लोक मला म्हणायची, बायकूला नोकरी कशाला? मी म्हटलं, शिकू दे. मी तिला शिष्टर केली. आता माझ्या लेकीला मी परदेशात शिकाय पाठवतोय. बापाचं काळीज काय असतंय—"

बोलता बोलता तो खाली आला आणि अपेक्षाला उचलायला वाकला. पोरीनं अंग चोरलं, आईच्या मागं गेली, आणि माइक जवळ असल्यानं तिचं बोलणं साऱ्या मंडपाला ऐकू गेलं.

"आई, हे काका कोण?"

पाठीमागं कुणीतरी खुसखुसलं. बिरदेव हसत म्हणाला, "लाजतीया." आणि पुन्हा तिच्या दंडाला धरून ओढायला लागला.

समीक्षानं त्याच्या हातातला माइक हिसकावला. तिनं ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप गेला.

"तिला सोड."

लग्नानंतर ती त्याला 'आवं' म्हणायची. गावानं पहिल्यांदाच तिच्या तोंडून एकेरी ऐकलं.

"ह्यानं मला शिष्टर केली न्हाई. माझ्या आईनं कोरेगावच्या बाजारात भाजी विकून केली. चार वर्सांमागं रातपाळी करून सकाळी मी घरी आले, तर दाराला आतनं कडी. पायरीवर माझी पिशवी, आन पिशवीशेजारी ही लेक. अंगात ताप. आतनं हा वरडला, रातभर कुठं असतीस कुणाला ठावं, तिकडंच जा. आन आज ह्याला तीच रातपाळीची बायको मतं मागाय पायजे!"

"समीक्षा, घरातलं भांडण चारचौघांत आणू नगंस," बिरदेव दातांवर दात धरून म्हणाला.

"घरातलं? घरात घेतलंस का तवा?" तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "मला नोकरी लागलीया परदेशात. लेकीला न्यायची म्हटलं तर बापाची संमती पायजे. कायदाच हाय तसा. चार ओळी. आईसंगं जाऊ द्यायला माझी हरकत न्हाई, एवढंच लिहायचं. त्या चार ओळींसाठी हा मला उभी करतोय. माझी सही आधी, ह्याची सही माघारीची मुदत संपल्यावर. लेक गहाण ठिवलीया ह्यानं, आन तुमी टाळ्या वाजवायला बसलाय!"

मग सतरंजीवरून अंबूबाई उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, करोनात समीक्षानंच त्यांना ऑक्सिजन लावून वाचवलेलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला पाणी मी पाजलं व्हतं. दार उघड म्हणून ह्याला हाका मारल्या, तर ह्यानं टीव्ही मोठा केला. बिरदेवा, सांग, खोटं बोलतीया का मी?"

बायकांत कुजबुज वाढली. एकीनं स्पष्टच म्हटलं, "असल्याला मत कोण देतंय?" दोन-तीन पोरांनी मोबाइल उभे धरले होते. ते अर्जुना आबांनी पाहिलं. बाईचं दुःख त्यांना किती लागलं देव जाणे, पण हा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरेल, हे त्यांना बरोबर कळलं.

"बिरदेव, सही देऊन टाक."

"आबा, पर तिकीट?"

"तिकिटाचं नाव काढू नगंस. उद्या इस्लामपुरात जा, नोटरी कर. आन आधी त्या पोरीचा हात सोड."

दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात नोटरीनं मजकूर वाचून दाखवला. त्यात 'स्वखुशीने' असा शब्द होता. समीक्षाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. बिरदेवनं तिच्याकडं न बघता सही ठोकली, आधारकार्डाची प्रत टेबलावर फेकली, आणि जाताना म्हणाला, "लय माजलीस."

"व्हय," ती म्हणाली. "लय उशिरा."

व्हिसा केंद्रात या खेपेला दुसराच मुलगा होता. त्यानं संमतीपत्र उलटं-सुलटं केलं, शिक्का बघितला आणि फायलीत घातलं. "ओके, मॅडम. बाकी सगळं आहे." एवढंच. त्या कागदासाठी ती कुठं कुठं उभी राहिली हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं, तरी तिला त्या पोराचाही राग आला. काही आठवड्यांनी दोन्ही पासपोर्ट शिक्के होऊन आले. बनुबाईनं देवापुढं साखर ठेवली. समीक्षाला मात्र हसू फुटलं नाही. आनंदाला जागाच उरली नव्हती, आत सगळं तापलेलंच होतं.

निघायच्या दिवशी शेजारच्या यासीननं मुंबईपर्यंत गाडी काढली. बनुबाई विमानतळापर्यंत येणार होती. इस्लामपूर मागं टाकून गाडी पेठ नाक्याकडं निघाली आणि कुरणवाडीच्या फाट्यावर अपेक्षा खिडकीला नाक लावून ओरडली.

"आई, माझं नाव! तिथं माझं नाव लिवलंय!"

फाट्यावर दोन वाशांना भलामोठा फ्लेक्स बांधला होता. 'आमची कन्या कु. अपेक्षा हिच्या परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, बिरदेव मित्रमंडळ.' डाव्या बाजूला बिरदेव, हात जोडलेला, गॉगल लावलेला. उजव्या बाजूला पिवळ्या फ्रॉकातली एक लहान पोर. समीक्षाचा मागमूस नव्हता.

"पण आई, ती कोण?"

फोटो अपेक्षाचाच होता. तीन वर्षांची असतानाचा. त्यानंतरचा एकही फोटो त्याच्याकडं नव्हता, आणि एखादा मागून घ्यावा असंही त्याला वाटलं नव्हतं.

"यासीन, गाडी थांबव."

"भाभी, उशीर व्हईल."

"थांबव म्हणते न्हवं! चाकू हाय का गाडीत?"

यासीननं काही न विचारता डॅशबोर्डातला चाकू काढून दिला. समीक्षा उतरली, चर ओलांडून वर चढली. चहाच्या टपरीवरची माणसं बघत राहिली, कुणी पुढं आलं नाही. तिनं पिवळ्या फ्रॉकाच्या कडेनं चाकू घातला आणि फ्लेक्स टराटरा फाडला. पोरीचा फोटो आणि पोरीचं नाव, दोन्ही तिनं कापून काढलं. बिरदेव तसाच राहिला, हात जोडून, शेजारी भलं मोठं भगदाड घेऊन.

"अगं, इमान चुकंल," बनुबाई काचेतून कळवळली.

"येते."

तिनं कापलेल्या तुकड्याची गुंडाळी केली आणि डिकीत बॅगांवर टाकली. गाडीत बसली तेव्हा हाताला रक्त होतं, चाकू कधी लागला तिला कळलंही नव्हतं. अपेक्षानं आपला रुमाल पुढं केला.

"आई, रागावलीस?"

"व्हय."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर न्हाई गं, बाळा."

यासीननं गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लावली. कराड मागं पडलं. मग अपेक्षानं शाळेत पाढे म्हणतात तसे जर्मनमधले आकडे म्हणायला सुरुवात केली, आईनं शिकवलेले, आणि सातापाशी अडली. समीक्षानं रुमाल हाताला घट्ट बांधला आणि पुढचा आकडा सांगितला.