फाटक बंद, चहा उकळतोय

अण्णा मनमाडहून नाशिकला आमच्याकडे आले ते खांद्यावर कपड्यांची पिशवी आणि हातात लोखंडी खलबत्ता घेऊन. बसमध्ये तो मांडीवरच ठेवला होता म्हणे. कंडक्टरने विचारलं, "बाबा, याचं हाफ काढू का फुल?"

खंडेरावअण्णा माझे सासरे. सगळी नोकरी मनमाडजवळच्या एका रेल्वे फाटकावर काढलेली. निवृत्त झाले तेव्हा सोबत आणलं ते फक्त हा खलबत्ता आणि चहाच्या मसाल्याचा एक पत्र्याचा डबा. फाटकावरच्या खोलीत ते दिवसभर चहा करायचे आणि फाटक लागलं की थांबलेले सायकलवाले, बैलगाडीवाले वास घेत उभे राहायचे, असं हर्षल सांगतो. हर्षल म्हणजे माझा नवरा. अंबडला कंपनीत आहे. सकाळी बस येते, संध्याकाळी सोडते.

अण्णा आले ते वेदूला सांभाळायला. वेदिका तेव्हा दीड वर्षाची होती. इंदिरानगरातल्याच एका शाळेत विज्ञानाच्या बाई पाय मोडून घरी बसल्या आणि त्यांच्या जागी मला बोलावणं आलं. काम अर्ध्या दिवसाचं आणि सुट्टी लागेपर्यंतच. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते, त्यामुळे एवढंही खूप वाटलं. सासूबाई माझ्या धाकट्या जावेच्या बाळंतपणात अडकलेल्या. त्यांनीच फोनवर सांगितलं, "यांना पाठवते. चहा वेळेवर मिळाला ना, की काय वाट्टेल ते सांभाळतील."

चहा वेळेवर. नेमके हेच शब्द मला नको होते.

कारण वेदू तेव्हा चालत नव्हती, पळत होती. आणि पळून येऊन धडकायची ती थेट माझ्या गुडघ्यांवर, ओट्यापाशी. भांड्याच्या कडेपर्यंत हात जात नव्हता, पण जायला फार दिवस उरले नव्हते. अण्णा साठी ओलांडलेले, कप उचलताना हात किंचित थरथरायचा, आणि पितात ते बशीत ओतून. उकळतं पाणी कातडीचं काय करतं हे मी पुस्तकात शिकले होते. शिकलं की भीती कमी होते म्हणतात. माझी वाढली.

पहिल्या सकाळी मी त्यांना माझ्या पद्धतीचा चहा दिला. पाणी, दूध, साखर, पावडर सगळं एकदम घालून उकळलेला. त्यांनी बशी संपवली.

"कसा झालाय अण्णा?"

"गरम हाय," ते म्हणाले.

मी शाळेत जायचे त्या वेळेत गॅस पेटवायचा नाही, असं मी ठरवून टाकलं आणि त्यांच्यासाठी थर्मास भरून ठेवला. दोन दिवस त्यांनी तो निमूटपणे प्यायला. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सूनबाई, थर्मासातला चहा म्हंजे गाडी गेल्यावर फाटक लावायचं. दुपारी एक कप करू दे. एकच."

"अण्णा, पण वेदू..."

"तिची काळजी तू नको करू. तीस वर्षं माणसं अडवलीत मी. ही तर एवढीशी हाय."

नाही कसं म्हणायचं? अटी घातल्या. मागची शेगडी वापरायची. सांडशीने धरलेलं भांडं पोरीच्या डोक्यावरून न्यायचं नाही. गॅसचा खालचा कॉक आठवणीने बंद करायचा. अण्णा प्रत्येक अटीला "बरं" म्हणाले, आणि ते बरं इतकं झटपट होतं की माझा विश्वास आणखी कमी झाला.

एवढं असूनही शाळा मला आवडायला लागली. मुलांना लिटमसचा कागद दाखवताना तासभर वेदूची आठवण यायची नाही, आणि मग आली की नजर घड्याळाकडे जायची. अशातच मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्या बाई आता येणार नाहीत. जूनपासून पूर्ण दिवस, पूर्ण वर्ष करता का? शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करून सांगा. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

मला हो म्हणायचं होतं. पूर्ण दिवस म्हणजे अण्णा, वेदू आणि तो चहा रोज, संध्याकाळपर्यंत.

शुक्रवारी घरी आले तेव्हा अण्णा वेदूला माझ्याकडे देऊन दाढी करायला न्हाव्याकडे गेले. मी राहिलेलं धुणं उरकलं. खलबत्त्यावर ते नेहमी एक लाल फडकं झाकून ठेवायचे, मसाल्याने अगदी कडक झालेलं. तेही धुतलं. दोरी भरली होती म्हणून स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवलं आणि कणीक मळायला घेतली.

"वेदू, ये. कणकेची चिमणी करू."

वेदू धावत आली आणि उंबऱ्याशी गपकन थांबली. पायाची बोटं उंबऱ्याला लावून उभी. मी पुन्हा हाक मारली. तिने मान हलवली. मी चिमणी करून दाखवली, तर ओठ काढून रडायला लागली, पण पाऊल आत टाकेना. उचलून आत आणलं तशी अंग ताठ करून किंचाळली.

रोज माझ्या पदराला लोंबकळणारी पोर स्वयंपाकघराला घाबरत होती.

मी कणकेच्या हातांनीच तिचे तळवे पाहिले. तळपाय, पोट, मान पाहिली. कुठे लाल नाही, फोड नाही. तरी कपडे काढून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या सवितावहिनी दही मागायला आल्या.

"का गं, अंघोळ आत्ता?"

"नाही, सहज. वहिनी, दुपारी ही रडते का हो?"

"रडत नाही बाई. पण तुमचे अण्णा काय ओरडतात! 'थांब!' म्हणून एवढ्या जोरात, की काल माझ्या हातातली वाटी पडली." दह्याची वाटी घेऊन त्या दारात घुटमळल्या. "जुनी माणसं. धाकात ठेवल्याशिवाय पोर सांभाळता येत नाही त्यांना. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि मनाला लागेल अशी पुरेपूर काळजी घेऊन गेल्या.

रात्री जेवणं झाल्यावर मी हर्षलला हळूच सांगितलं.

"सरळ विचार ना अण्णांना," तो म्हणाला.

"सासऱ्यांना कसं विचारू, माझ्या मुलीला काय केलंत म्हणून?"

"मग मी विचारतो."

"नको!"

"मग काय करायचं?"

"काही नाही. तू झोप."

मी मात्र बाहेर जाऊन अण्णांना पाणी दिलं आणि म्हटलं, "वेदू दुपारी फार त्रास देते का हो?"

"छ्या," अण्णा म्हणाले. "नियमाची लय पक्की हाय पोरगी. एकदा सांगितलं की पाऊल पुढं टाकत नाय."

झोपायची मग सोयच राहिली नाही.

शनिवारी सकाळची शाळा, म्हणून अण्णांचा चहाही लवकर. शेवटचा तास सोडून मी लवकर निघाले. पुढच्या दाराने गेले नाही. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. मागे फरशीचा छोटा ओटा, तिथे धुण्याची दोरी, कडेला कुंडीत गवती चहा. स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला उघडते, आणि खिडकीतून शेगडी दिसते, तिच्यापलीकडे आतलं दार. दोरीवर डबलबेडची चादर वाळत होती. मी तिच्यामागे उभी राहिले. माझ्याच घराच्या मागे, पर्स छातीशी धरून, चोरासारखी.

आत अण्णा आले. त्यांनी खलबत्त्यावरचं लाल फडकं काढलं, झटकलं आणि दाराच्या कडीला अडकवलं. मग ताठ उभे राहून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडले,

"फाटक बंद! थांब!"

माझे हात चादरीकडे गेले. पण वेदू रडली नाही. पलीकडच्या खोलीतून ती धावत आली, उंबऱ्याशी थांबली आणि तिथे घातलेल्या सतरंजीच्या तुकड्यावर फतकल मारून बसली. हातात स्टीलचं झाकण होतं. ते तिने दोनदा जमिनीवर आपटलं.

"हां," अण्णा म्हणाले. "मनमाडहून गाडी सुटली बरं का."

त्यांनी मागच्या शेगडीवर पाणी ठेवलं. खलबत्त्यात मिरी, सुंठ, दोन वेलदोडे सालासकट. कुटताना ठेका धरला, आणि वेदूचं झाकण त्याच ठेक्यात वाजायला लागलं. "लासलगाव गेलं," अण्णांनी कुटलेला मसाला पाण्यात सोडला. मग आल्याचा तुकडा ठेचून टाकला. तो वास खिडकीतून बाहेर आला आणि सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेल्या माझ्या घशाला कोरड पडली. पाणी तांबूस होईपर्यंत त्यांनी पावडर घातली नाही. दुसऱ्या भांड्यात दूध वेगळं तापत होतं. "निफाड गेलं." पावडर पडली. "आता दूध." दूध पडल्याबरोबर ते शेगडीकडे तोंड करून गप्प उभे राहिले, सांडशी हातात. वेदूही गप्प. दोघं त्या भांड्याकडे असे पाहत होते की खरंच काहीतरी येणार आहे.

चहा फुगून काठापर्यंत आला.

"आऽऽली!" वेदू ओरडली.

"आली, आली, नाशिक आलं!" अण्णांनी गॅस बंद केला, वाकून खालचा कॉकही बंद केला. चहा गाळून कप फळीवर वर ठेवला, रिकाम्या भांड्यात नळाचं पाणी सोडलं, शेगडीवर हात धरून पाहिला. घाई कुठेच नव्हती. वेदू बसल्या जागी चुळबुळत होती, पण उंबऱ्याच्या आत तिचं एक बोटही आलं नाही.

मग त्यांनी लाल फडकं काढलं आणि खांद्यावरचा हिरवा पंचा कडीला अडकवला.

"फाटक उघडं!"

वेदू सुसाट सुटली आणि त्यांच्या गुडघ्यांना धडकली.

माझ्या डोळ्यांसमोर कालची संध्याकाळ आली. कडीला लाल फडकं, आणि फाटक बंद असताना आत बोलावणारी, उचलून आत नेणारी आई. पोरगी किंचाळेल नाही तर काय करेल? मला हसू आलं. ते दाबायला मी चादर तोंडात धरली.

आत अण्णा तिला बशीत काहीतरी ओतून देत होते. माझं हसू तिथेच थांबलं. चहा? मी टाचा उंचावून पाहिलं. पांढरं दूध होतं, वर वेलदोड्याची पूड. "हा तुझा चहा," अण्णा म्हणत होते. "माझा तुला चालायचा नाय. तुझ्या आईला कळलं तर मला परत मनमाडला पाठवील."

ते कप घेऊन खिडकीशी आले, बशीत ओतला, फुंकर मारली आणि बाहेर न बघताच म्हणाले, "सूनबाई, चादरीखाली चपला दिसतात."

मी चादरीमागून बाहेर आले. पर्स अजून छातीशीच.

"मी... धुणं काढत होते."

"ओलं हाय अजून," अण्णा म्हणाले. "मघापासून दिसतायत चपला. फाटकवाल्याला रुळाकडं बघायचं असतं, पण रस्त्यावर कोण उभं हाय ते आधी दिसतं. ये आत. फाटक उघडं हाय."

मी आत गेले. पर्स खाली ठेवली. शेवटी म्हटलं, "काल ते फडकं मीच कडीला वाळत घातलं."

"तरीच!" त्यांनी कपाळावर हात मारला. "काल मी दाढी करून आलो तर ही कडीकडं बोट दाखवून माझ्यावरच ओरडत होती. मला वाटलं, फडकं काढायचं मीच विसरलो, आता ही मला नोकरी शिकवायला लागली."

"वहिनी म्हणत होत्या, तुम्ही फार ओरडता."

"ओरडायचंच. आवाज बारीक असला तर फाटकाखालनं घुसतात माणसं. त्या सविताबाईला सांग, दुपारी चहाला ये. तिलाबी सतरंजीवर बसवतो."

त्यांनी माझ्यासाठी पुन्हा पाणी ठेवायला घेतलं. "अण्णा, बसा तुम्ही, मी करते," म्हणत मी ओट्याकडे वळले, तेवढ्यात लाल फडकं कडीला गेलं होतं. वेदूने माझी साडी धरली आणि जोर लावून मला उंबऱ्याबाहेर ओढायला लागली. "ना! ना!" करत.

गेले. सतरंजीच्या तुकड्यावर तिच्याशेजारी मावेना, म्हणून अर्धी फरशीवर बसले. मिरी कुटली गेली, झाकण वाजलं, लासलगाव गेलं, निफाड गेलं. भांडं फुगून वर येताना माझ्या तोंडून वेदूच्या आधी "आली" निघालं आणि तिने माझ्याकडे रागाने पाहिलं.

चहा घशाला झणका देत उतरला. मागाहून वेलदोडा. असा चहा मी कधी केला नव्हता आणि त्या दिवशी करायची इच्छाही झाली नाही. बसून आयता प्यायला.

"अण्णा," मी म्हटलं, "जूनपासून पूर्ण दिवसाची शाळा विचारतायत. वर्षभर. आज सांगायचं आहे."

अण्णांनी पत्र्याचा डबा उघडून आत पाहिलं, हलवून पाहिलं.

"एवढा मसाला वर्षाला पुरायचा नाय," ते म्हणाले. "हर्षलच्या आईला फोन कर, आणखी पाठव म्हणावं. सुंठ जास्त घालायला सांग, इथली हवा थंड हाय."

मी आधी शाळेत फोन केला. मग मनमाडला.

गॅसचा कॉक मी त्या दिवशीही जाऊन पुन्हा तपासला; ते काही सुटलं नाही. संध्याकाळी मात्र जुना लाल परकर काढला आणि त्याची तीन फडकी शिवली. एक कडीला, एक धुण्यात, एक कपाटात. माझे लाल परकर आणि हर्षलचा लाल टी-शर्ट यापुढे मागच्या दोरीवरच वाळतील, असं घरात सगळ्यांना सांगितलं. हर्षल म्हणाला, "टी-शर्टने काय केलंय?" वेदूने झाकण जमिनीवर आपटलं.