पंचायतीचं वायफाय

पेठ वडगावजवळच्या एका गावात पंचायतीनं मोफत वायफाय सुरू केलं. अभ्यासिकेतल्या मुलींची मोठीच सोय झाली. पण थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली, "पंचायत आपलं मेसेज वाचती. फोटोबी बघती!" हळूहळू अभ्यासिका ओस पडली. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या अनुजालाही तिच्या वडिलांनी, उदयसिंहांनी, घरी बसवलं.

सरपंच विद्याश्री संतापली. एवढं चांगलं काम केलं, आणि वर हे बोलणं! तिनं फलकावर सूचना लावली, 'अफवा पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.'

झालं! ज्यांना शंका नव्हती, त्यांनाही ती येऊ लागली.

तिच्या सासूबाई बसव्वा महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "इद्या, लोकांनी इचारलं काय आणि तू सांगितलंस काय?"

"आत्याबाई, आम्ही कुणाचेच मेसेज वाचत नाही!"

"मग तसं सांग की! दम कशाला देतीस? दुधाला फॅट कमी लागलं की बायका माझ्यावर तुटून पडायच्या. त्यांच्या डोळ्यांम्होरं दूध तपासाय लागलो, तवा भांडणं मिटली. आन् खरं सांग, तुमी कायच करत न्हाईसा?"

विद्याश्री घुटमळली. "जुगाराच्या साइट बंद केल्यात. पोरं नादी लागत होती."

"कुणाला इचारून?"

"...कुणालाच नाही."

"मग लोकं म्हणणारच की, आज ह्ये बंद केलं, उद्या काय!"

सकाळी तिनं स्वतः ती सूचना काढली आणि ग्रामसभा बोलावली.

"तुमचे मेसेज, फोटो आम्हाला दिसत नाहीत," ती म्हणाली. "कोणता मोबाईल कधी जोडला, एवढी नोंद राहते. ती मी आणि ग्रामसेवक बघू शकतो. जुगाराच्या साइट मी बंद केल्या, तुम्हाला न विचारता. ते चुकलं माझं."

उदयसिंह उठले. "ती नोंद किती दिस ठेवतासा?"

"मला माहीत नाही," विद्याश्री म्हणाली. "वायफाय देणाऱ्या कंपनीला विचारून सोमवारी इथंच सांगते."

"माहीत न्हाई म्हणणारा सरपंच पयल्यांदाच बघतोय!" उदयसिंह म्हणाले, आणि सगळी सभा हसली. त्या हसण्यात राग नव्हता! जुगाराच्या साइट बंदच ठेवायच्या, पण यापुढं काहीही बंद करायचं ते सभेला विचारूनच, असं सर्वांनी ठरवलं.

सोमवारी विद्याश्रीनं कंपनीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं: नोंद वर्षभर राहते, मग पुसली जाते. दुसऱ्या दिवशी उदयसिंह अनुजाला घेऊन अभ्यासिकेत आले आणि तिथंच बसून त्यांनी स्वतःचाही मोबाईल जोडून घेतला. बसव्वांना हे कळलं तेव्हा त्या सुनेकडं बघून नुसत्या हसल्या.

वाचकहो, इंटरनेटचे नियम गावात ठरोत की दिल्लीत, ते ठरवणारे दरडावून बोलले की चांगल्या कामावरही संशय येतो. सरळ बोलले की माणसं चूकसुद्धा पोटात घालतात. पण आपणही घरात कुजबुजत न बसता, उदयसिंहांसारखं सभेत उभं राहून विचारायला हवं. विश्वास ठेवण्याची तीच तर सुरुवात आहे!