प्रेताच्या छातीवरचा माइक

माझी खाप्याला बदली झाली.

हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं धरावं. बदली वगैरे काही झालेली नाही. सन एकोणीसशे शहाऐंशी आहे, मी नागपुरातच आहे आणि सिताबर्डीच्या हॉलमध्ये पडद्यामागे स्टुलावर दोन डब्या मांडून बसलो आहे.

डब्या म्हणजे बिनतारी माइकच्या. पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी कंबरेला बांधायची, तिची तार सदऱ्याच्या आतून वर घ्यायची आणि माइक छातीवर टाचायचा. आमच्या ऑफिसनं स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी चार मागवल्या. वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात त्या तीन आठवडे लोखंडी पाइपांखाली पडल्या होत्या, त्यातल्या दोन वाचल्या. हॉलचे टांगते माइक घ्यायचे नाहीत असं साहेबांनी ठरवलं, कारण आता आपल्याकडे डब्या होत्या. डब्या कोणाला, कधी आणि किती वेळ, हे बघायचं काम माझ्याकडे. ऑफिसात मी सर्वांत कनिष्ठ कारकून, शिवाय सकाळच्या वर्गाला जाऊन वकिली शिकतो, म्हणून माझा सगळ्यांना राग.

नाटक साधं होतं. म्हातारा मरतो. त्याची मुलगी बाजेशी बसून दीड तास बोलते, बाकीचे येऊन भांडून जातात. मुलगी म्हणजे आमची टायपिस्ट लतिका. प्रेत म्हणजे हेडक्लार्क बाबारावजी. ही भूमिका त्यांनी मागून घेतली होती. पाठांतर नाही आणि पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत स्टेजच्या मधोमध.

मी यादी लावली : डबी एक, लतिका. बाबारावजी धोतर सावरत आले.

"काहून बे कवडू, एक नंबर तिले काहून?"

"तिचे दोनशे दहा वाक्य आहेत जी."

"अन् माहे?"

"तुमी तं मेले आहा."

"मेल्यानं सीनियॉरिटी जाते का बे? दाखव, कोन्त्या नियमात लिवलं हाय."

मी मनातल्या मनात सगळे नियम चाळले. राजीनाम्यानं ज्येष्ठता जाते, निवृत्तीनं जाते. नाटकात मेल्यावर जाते असं कुठंच नव्हतं. ऑफिसात पंखा, खुर्ची, कपाटाची किल्ली, सगळं ज्येष्ठता यादीनं मिळायचं. त्या हिशेबानं पहिली डबी प्रेताची आणि दुसरी वामनरावांची. वामनराव नाटकात डॉक्टर होते. त्यांना एकच वाक्य होतं : "गेले."

"अन् हे पाय," बाबारावजी जवळ येऊन म्हणाले, "खाप्याची जागा खाली हाय. तुये सकाळी सातले वर्ग असते न? खाप्याहून पयली एसटी कवा पोचते, इचारून ठेव."

ती साडेआठला पोचते. मी दोन वर्षं हजेरीत अडकलो होतो. या वर्षी अडकलो तर कॉलेज नाव काढणार होतं. मी यादी फाडली आणि दुसरी लावली.

लतिकानं ती वाचली. लुगड्याचा पदर खोचून ती विंगेत माझ्यासमोर उभी राहिली.

"तुया हजेरीसाठी माहा आवाज खाल्ला का रे?"

"लतिकाबाई, ऐका नं..."

"दोन महिने पाठ केलं म्या. माही माय कामठीहून पाहाले येऊन राहिली. तिले धड आयकू येत नाही. ते का माहे हातवारे पाहीन?"

"एक उपाय आहे. बाबारावजींच्या छातीशी तोंड नेऊन बोला. शोकात शोभून दिसते."

"तुया थोबाडाले शोभते," ती म्हणाली. "तुले खाप्याले नाही, त्याच्याही पुढं धाडाले पाह्यजे."

पण उपाय सगळ्यांनीच उचलला, कारण दुसरा नव्हता. पडदा उघडला. वामनराव "गेले" म्हणाले आणि स्वतःही गेले. विंगेत मी डबी मागितली तर "रजिस्टरात सही माही हाय" असं सांगून ते कंबरेला डबी बांधलेलीच ठेवून सायकलीवर घरी गेले. मग थोरला मुलगा प्रेताच्या छातीवर वाकून वाटणी मागू लागला, धाकटा दुसऱ्या बाजूनं वाकून नाही म्हणू लागला. शेजारी आले, तेही वाकले. पुढच्या रांगेतले साहेब बाजूच्याला म्हणाले, या कुटुंबाचं वडिलांवर फार प्रेम दिसतं.

मग लतिकाची पाळी आली. "बाबा, मले टाकून काहून गेले?" म्हणत तिनं प्रेताच्या छातीवर जी बुक्की हाणली, ती हॉलभर तोफेसारखी वाजली. दुसरी हाणली. तिसरीला प्रेत दातांतून बोललं.

"हळू वं. लागते."

बाबारावजींचा समज असा की माइक फक्त मोठ्यानं बोललेलं उचलतो. हॉलमध्ये खसखस पिकली, तीही त्यांना रडणं वाटली.

लतिका थांबली. तिनं विंगेत माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मैत्री अजिबात नव्हती. मग ती वाकली आणि नाटकात नसलेलं वाक्य बोलली.

"बाबा, डबी तं भेटली तुमाले. आता त्या कवडूले नागपुरातच ठेवान नं?"

माझ्यापुढं रिसीव्हर होता, त्यावर आवाजाचं बटण. डावीकडे फिरवलं की प्रेत मुकं. तेच माझं काम होतं. मी ते उजवीकडे फिरवलं.

"ठेवते माहा जोडा," प्रेत म्हणालं. "ऑर्डर म्या परवाच सोता टाइप केली. डबी देवो का न देवो, तो चालला."

"अन् साहेबानं सही नाही केली तं?"

"तो का वाचून सही करते? रेशनचं कार्ड ठेवलं तरी करीन."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "आता आयकू आलं वं, पोरी!"

सोमवारी चौकशी झाली. बाबारावजींनी लेखी खुलासा दिला : सदर वेळी मी मयत असल्याने मी काही बोललो असणे संभवत नाही. साहेबांनी तो लगेच मान्य केला. प्रेत बोललं असं मानलं, तर साहेब वाचून सही करत नाहीत हेही मानावं लागलं असतं. मग त्यांनी पुढचा कागद ओढला आणि न वाचता सही केली. तो माझा होता.

लतिका म्हणाली, "बरं झालं."

खाप्याहून पहिल्याच दिवशी मी साहेबांना अर्ज पाठवला, तो असा :

"तरी विनंती की, बाबारावजी हेडक्लार्क यांनी स्टेजवर केलेले निवेदन मृत्युपश्चात जबानी म्हणून ग्राह्य धरून अर्जदाराची बदली रद्द करावी. सदर जबानीची खातरजमा करणे झाल्यास, बाबारावजी यांना त्याच बाजेवर, डबी क्रमांक एकसह, दोन साक्षीदारांसमक्ष कार्यालयीन वेळेत पुन्हा मयत होण्याचे आदेश व्हावेत. त्या दिवसाची त्यांची हजेरी पूर्ण धरण्यास अर्जदाराची हरकत नाही."