टिनावरचे दगड

टिनावरचा सातवा दगड अंगणात आपटला, तशी भागीरथाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. या सुनेला काही धरबंदच उरला नव्हता. वीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं एकेक दगड पारखून छतावर चढवला होता; आणि ही कोकणातल्या श्रीवर्धनची भावना, विचारणं नाही की पुसणं नाही, शिडी लावून सगळे खाली लोटत होती.

बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्रात शिरलं होतं आणि संध्याकाळपर्यंत नागपूरकडे येईल, असं मोबाइल सांगत होता. मुलगा प्रेमानंद उमरेडच्या खाणीत पाळीवर गेलेला. लेक नाही तर नाही, भागीरथाबाईनं एकटीनंच सुनावलं. नागपुरात समुद्र नाही, आणि वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वर दगड ठेवतात, एवढं शेजारच्या शोभाताईच्या बकरीलाही कळतं. भावना ऐकत होती आणि टिनांवरून टाकलेली नायलॉनची दोरी अंगणातल्या खुंट्यांना बांधत होती.

वारा वाढला. कडेचं टिन थडथडू लागलं, तशी म्हातारीनं स्वतःच एक दगड कमरेशी धरला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

भावनानं तिचा दंड धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"सोड वं. घर माहं हाय."

"आई, टिन उडायचं ते उडतंच. मग वरचा दगड खाली झोपलेल्याच्या अंगावर येतो. बाबांच्या कमरेवर आमच्याच छपराचा दगड पडला होता."

भागीरथाबाईचा पाय पायरीवरच राहिला. लग्नात व्याही खुर्चीतून उठले नव्हते. ती हार घेऊन समोर उभी, आणि हा माणूस बसूनच हसला. त्याचा तो माज तिनं तीन वर्षं वस्तीभर सांगितला होता. पाहुण्यांपुढे, भाजी निवडताना, भावनाच्या तोंडावरसुद्धा.

"उठता येत नाही त्याईले?"

"नाही. लेकीच्या लग्नात आपलं दुखणं नको म्हणाले. सगळ्यांना शपथ घातली, यांनासुद्धा."

म्हातारीनं दगड भिंतीशी ठेवला. दोरीचं मोकळं टोक मनगटाला गुंडाळलं, खुंटीला टाच लावली आणि होता नव्हता तेवढा जोर करून ओढलं. भावनानं वाकून गाठ मारली.

"तुह्यासारखी बिनडोक पोरगी म्या पाह्यली नाही," भागीरथाबाई म्हणाली. "दोन शब्द बोलली असती, तर माहं तोंड तीन वर्षं बंद राह्यलं असतं."