इशारा वेळेवर आला होता

मुतखडा काढल्यावर डॉक्टरांनी तूरिदच्या मूत्रवाहिनीत स्टेंट ठेवला होता. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी मऊ नळी, सूज उतरली की काढायची. तोवर भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही आणि कामावर जायचं नाही, असं बजावून तिला घरी सोडलं. पण काही दिवस घरी काढून, नळी आत असतानाच, ती कामावर गेली.

खाडीच्या या काठावरून त्या काठावर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची ती कप्तान. नॉर्वेतल्या त्या खाडीवर तिच्याआधी बाई कप्तान झालीच नव्हती. तिच्या आधीच्या कप्तानाला, माग्नारला, प्रॉस्टेटचा त्रास होता, बोट टेकली की तो आधी संडासाकडे पळायचा. त्याला जेवणाच्या खोलीत सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने तूरिद हसायची.

आता तिलाही तसंच व्हायला लागलं. जाऊन आलं की पुन्हा लागल्यासारखं वाटायचं, आणि करताना कमरेच्या वर, बरगडीखाली कळ उठायची. खाडी ओलांडताना केबिन सोडता येत नाही. एक दिवस भर खाडीत तिला आवरलं नाही. खुर्ची भिजली, पँट भिजली. तिने थर्मास उघडला आणि कोमट कॉफी स्वतःच्या मांडीवर ओतून घेतली.

पलीकडे पोचल्यावर डेकवरचा ओड्वार वर आला. कितीतरी वर्षांचा तिचा सोबती. त्याने खुर्चीकडे पाहिलं.

"काय गं, कॉफी प्यायची असते, अंगावर घ्यायची नसते."

"हात हलला," ती म्हणाली आणि हसली. बदलायची पँट शोधायला ती खाली गेली.

त्या दिवसापासून कामावर पाणी प्यायचंच तिने सोडलं. लघवी गढूळ झाली, वास यायला लागला, उन्हाळी लागल्यासारखी आग व्हायला लागली. नळीमुळेच होत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. नवऱ्याला, लाइव्हला, काही सांगितलं नाही.

आणि एका सकाळी तिला हुडहुडी भरली. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून ती केबिनमध्ये बसली. धक्का जवळ आला तसा ओड्वार पुढच्या टोकाला जाऊन वॉकीटॉकीवर अंतर सांगायला लागला.

"तीस मीटर. वीस. तूरिद, वेग जास्त आहे. तूरिद, ऐकतेस ना?"

तिला ऐकू येत होतं. पण त्याच क्षणी पाठीतून अशी कळ आली की तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं. इंजिन उलटं फिरवायला उशीर झाला आणि बोट धक्क्यावर आदळली. एक व्हॅन पुढच्या गाडीवर सरकली. कोणाला मोठी इजा झाली नाही. ओड्वार मात्र पडला, आणि त्याचं मनगट सुजून आलं.

फेरी कंपनीच्या ऑफिसातून तिची वरिष्ठ योरुन्न हिचा फोन आला. काय झालं, तिने विचारलं.

"ओड्वारचा इशारा उशिरा आला," तूरिद म्हणाली.

फोन ठेवून ती वळली तर दारात ओड्वार उभा होता, मनगटावर बर्फाची पिशवी धरून. तो तसाच मागे फिरला. खाली जाऊन एका हाताने गाड्यांना रस्ता दाखवायला लागला. चौकशी होईपर्यंत त्याने घरी बसावं, असं दुपारपर्यंत ठरलंही.

घरी आल्यावर तूरिदचे दात कडकडा वाजत होते. तिला उलटी झाली. लाइव्हने तिला गाडीत घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

"पाणी किती पीत होतात?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कामावर असताना नाही."

"का?"

"लघवीला जावं लागतं म्हणून." लाइव्ह ऐकत होता. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"संसर्ग किडनीत चढलाय. अजून अंगावर काढलं असतंत तर जिवावर बेतलं असतं."

सलाईनमधून औषधं सुरू झाली. तापात तिने चादरही ओली केली. नर्स म्हणाली, "नळीवाल्यांच्या चादरी मी रोज बदलते. त्या कुशीवर वळा." तूरिद वळली, पण डोळे मिटूनच. मिटल्या डोळ्यांपुढे बर्फाची पिशवी धरून दारात उभा असलेला ओड्वार येत होता.

ताप उतरल्यावर तिने योरुन्नला फोन केला. "इशारा वेळेवर आला होता. मी आजारी होते, आणि खोटं बोलले."

योरुन्न म्हणाली, "तुला बोटीवरून उतरावं लागेल, कळतंय ना?"

"कळतंय."

मग तिने ओड्वारला बोलावून घेतलं. तो पट्टी बांधलेल्या हाताने आला आणि खुर्ची ओढून बसला.

"त्या दिवशी खुर्चीवर नुसती कॉफी नव्हती," ती म्हणाली.

"माहितीये. पुसली कोणी?"

"मग बोलला का नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? आमच्या घरी बायको शिंकली तरी तिला पँट बदलावी लागते." मग त्याचा आवाज बदलला. "पण इशाऱ्याचं खोटं तू बोलायला नको होतंस. मुलीने मला विचारलं, बाबा, डुलकी लागली होती का? गावात सगळ्यांना तेच वाटलं."

"माझं चुकलं रे."

"हो, चुकलं."

त्याने खुर्ची जागेवर सरकवली. जाताना 'बरी हो' म्हणाला.

संसर्ग गेल्यावर नळी काढली. ते काम इतकं पटकन झालं की तिला रडू आलं. चौकशीनंतर उन्हाळाभर तिला बोट मिळाली नाही. ओड्वार आधीच कामावर परतला होता. शरदात तीही परतली. पहिल्याच दिवशी जेवणाच्या खोलीत, लोक पावावर तपकिरी चीज घालून खात असताना, तिने उभं राहून सगळं सांगितलं. लघवी आवरली नाही इथपासून, इशारा उशिरा आला हे खोटं होतं इथपर्यंत. एक जण फिस्सकन हसला. तिचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

ओड्वार हसला नाही, आणि हसणाऱ्याला त्याने अडवलंही नाही. उरलेला पाव संपवून तो डेकवर गेला. थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, "गाड्या भरल्या. निघ." तिने इंजिन सुरू केलं.