साखर मोजली, धूर कोण मोजणार?

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे आणि मी चिडलो आहे. म्हाताऱ्यांनी चिडू नये म्हणतात, पण माझं ऐका आणि मग सांगा.

कारखान्यात मला एकच विद्या शिकवली होती: रक्ताचा थेंब घ्यायचा आणि साखरेचा आकडा खरा सांगायचा. सहा वर्षांपूर्वी नितेशने मला रत्नागिरीहून पूर्णगडला आणलं, आपल्या आईसाठी. कमळा तिचं नाव. मासळी सुकवून विकणारी करारी बाई. मधुमेह कळला त्या दिवशी तिने चहातली साखर सोडली. आंब्याची एक फोड खाल्ली की ती ताटावरून उठायची. माझा आकडा पाहून सून दीपाली तिची पाठ थोपटायची. त्यातलं थोडं कौतुक मी माझंही समजत होतो.

घरापुढच्या अंगणात, खळ्यात, मासळी वाळायची. माश्या बसू नयेत म्हणून शेजारी धूर करायची तिथली जुनी रीत. पूर्वी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, जाळत. तो धूरही काही औषध नव्हता, पण आता नितेश नायलॉनची फाटकी जाळी आणि थर्माकोलच्या फुटक्या पेट्या पेटवतो. फुकट मिळतात ना! त्या काळ्या धुरात कमळा सकाळभर बसायची. हळूहळू तिला दम लागू लागला. पाखाडीच्या दगडी वाटेच्या चार पायऱ्या चढली की ती मटकन बसायची.

"चोरून लाडू खाल्लंन असंल," शेजारची मथुरा म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! कमळाने लाडवाला हातही लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती घामाने भिजली, डावा खांदा धरून बसली. दीपालीने मला काढलं. आकडा आला एकशे सव्वीस.

"साखर बरी हाय. म्हंजे काय न्हाय," नितेश म्हणाला.

माझ्या खऱ्या आकड्याचा असा खोटा दाखला केला त्याने! मला ओरडता येत नव्हतं. कमळा पुन्हा धुरात जाऊन बसली आणि दुपारी तिथेच कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी नितेशला फैलावर घेतलं. "हा हार्ट अटॅक आहे. मधुमेहात छातीत कळ येतेच असं नाही. यांच्या रक्तवाहिन्या आधीच नाजूक. त्यात धुराचे बारीक कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, वाहिन्या सुजवतात, हृदयावर ताण आणतात. नुसती साखर बघून कसं चालेल?"

मित्रांनो, मला जपून ठेवा, माझ्या पट्ट्यांची तारीख बघत जा. पण मला धूर मोजता येत नाही. तो तुम्हाला डोळ्यांनी दिसतो, नाकाला झोंबतो, तरी तुम्ही माझ्याकडेच का बघत बसता?

कमळा जगली. चार दिवसांपूर्वी घरी आली, ओटीवर टेकली. खळ्यात दुसऱ्या कुणी नव्हे, नितेशनेच सवयीने पुन्हा जाळी पेटवली होती. वर मला हातात घेऊन तो आईपुढे बसला.

"आये, बोट दे."

कमळाने हात पदराखाली ओढून घेतला.

"माझं बोट कशाला टोचतंस? जा, आदी ती आग इझव."